आर-पारची माळ आणि ताशी पाच किलोमीटर

शरदिनीबाईंनी गंगामाईला आर-पारची माळ बोलली होती, आणि ती वाहायची तर नावेत बसणं भाग होतं. रत्नाकरराव टेंब्यांच्या दुःखाचं मूळ एवढंच. पुढे जे अर्ज झाले, लाल झेंडे झाले आणि शेवटी जे पाण्यात पडलं, ते सगळं या मुळाला आलेलं फळ.

आर-पारची माळ म्हणजे काय ते काशीबाहेरच्यांना सांगायला हवं. नवस फेडायचा झाला की झेंडूची लांबच लांब माळ करवून घेतात. तिचं एक टोक अलीकडच्या घाटाला बांधायचं, बाकीची नावेत घ्यायची आणि नाव पलीकडच्या रेतीकडे निघाली की ती हळूहळू पाण्यावर सोडत जायची. दुसरं टोक पलीकडे खुंट्याला बांधलं की गंगेच्या गळ्यात हार पडला. या वेळी सगळं घर नावेत हवं. आणि सगळ्या घरात घरधनीही येतो, याबद्दल दुर्गाघाटावर कोणाचंच दुमत नव्हतं.

रत्नाकरराव रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर होते. मूळचे भुसावळचे, नोकरीने बनारसला आले, लग्नाने इथलेच झाले आणि निवृत्त होऊन दुर्गाघाटाच्या गल्लीत राहिले. शरदिनीबाई मात्र ब्रह्माघाटाच्या, सात पिढ्यांच्या काशीकर. लहानपणी त्या घाटावरून उड्या मारून मैत्रिणींशी पैजा लावत. छत्तीस वर्षांच्या संसारात रत्नाकरराव एकदाही नावेत बसले नव्हते. त्यांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती वाटत होती. ही गोष्ट जगात फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस म्हणजे आपण, अशी त्यांची समजूत होती. चारचौघांत ते म्हणत, "आम्ही रुळाची माणसं. ज्याच्याखाली खडी नाही त्यावर आमचा विश्वास नाही." लोक हसत आणि विषय तेवढ्यावर मिटे.

पण डिसेंबरात मुलाचं, विश्वेशचं लग्न झालं, मधुरा सून होऊन घरात आली, आणि शरदिनीबाईंनी नवसाची आठवण काढली. जानेवारीत रत्नाकररावांनी थंडीचं कारण सांगितलं. फेब्रुवारीत त्यांचा गुडघा दुखला. मार्चमध्ये त्यांनी पंचांग उघडलं आणि जगात चांगला दिवस म्हणून राहिलेलाच नाही असं सिद्ध करत आणलं. एका सकाळी शरदिनीबाई पोह्यांची बशी समोर ठेवत म्हणाल्या, "अहो, चैत्र सरायच्या आत माळ वाहायची. मग पाणी वाढेल. यंदाच्या यंदा, कळलं का?"

नेमकं त्याच दिवशी पहाटे घाटाच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करताना एका मोटरबोटीच्या लाटेने रत्नाकररावांचा तांब्या आणि डाव्या पायाची चप्पल नेली होती. बोटीतल्या प्रवाशांनी त्यांना हात हलवून नमस्कार केला, याचा राग त्यांना चपलेपेक्षा जास्त आला होता. तोच राग आता उपयोगी पडला.

"माळ वाहू," ते गंभीरपणे म्हणाले, "पण मोटरबोटी बघितल्यास का? या वेगात माळ दोन मिनिटं टिकायची नाही. गंगामाईला काय तुटकी माळ वाहायची? आधी या बोटींना वेगमर्यादा लागू दे. मग पहिली माळ आपली."

शरदिनीबाई विचारात पडल्या. रत्नाकररावांनी पोहे निवांत खाल्ले. सरकारी कामकाजावर त्यांची चौतीस वर्षांच्या अनुभवाने बसलेली श्रद्धा होती. अर्ज केला की काम होत नाही, हे त्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं होतं. आपल्या हयातीत गंगेवर वेगमर्यादा लागत नाही, याची त्यांना खात्री होती.

चूक एवढीच झाली की बायको ते खरं मानून बसली. दुपारपर्यंत तिने वरच्या मजल्यावरच्या नीलकंठरावांना सांगितलं. नीलकंठराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ऐकणारे पोरगे गेले होते पण शिकवण्याची खोड गेली नव्हती. ते संध्याकाळी वही घेऊनच उतरले.

"टेंबेसाहेब, मुद्दा लाखाचा काढलात. वेग दुप्पट झाला की लाटेचा जोर नुसता दुप्पट होत नाही, कितीतरी पटीने वाढतो. अपघात जे होतात ते यामुळेच. तुम्ही अर्ज टाका, आकडे मी देतो."

"अहो, घाई काय आहे?" रत्नाकरराव क्षीण आवाजात म्हणाले.

"घाई नाही कशी? चैत्र लागलाय," शरदिनीबाई आतून म्हणाल्या.

घरचे उपाध्याय श्रीराम गुरुजींनीही शास्त्राधार दिला. माळ दोन्ही काठांना लागेपर्यंत तुटता कामा नये, लागल्यावर मग तिचं काहीही होवो, गंगामाई बघून घेईल. आता रत्नाकररावांना अर्ज न करायला तोंड उरलं नाही. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात तशी त्यांची गत झाली.

नावांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात ते तीन वेळा गेले. पहिल्या खिडकीवरचे बाबू म्हणाले की पायऱ्या त्यांच्याकडे आहेत, पाणी नाही. दुसऱ्या खिडकीवर पाणी होतं, पण पाण्यावर जे चालतं ते तिसरीकडे होतं. तिसऱ्या खिडकीवरचे बाबू पान लावत होते. दोनदा त्यांनी "लंच के बाद" म्हणून पाठवलं आणि रत्नाकरराव दोन्ही वेळा आनंदाने घरी आले. पण तिसऱ्यांदा शरदिनीबाई बरोबर गेल्या. त्यांनी बाबूंच्या आईची चौकशी केली, त्या दोघी एकाच शाळेतल्या निघाल्या, आणि बाबूंनी पान बाजूला ठेवलं.

"गति सीमा लगाने को कहते हैं," बाबू म्हणाले, "मगर अभी गति है कितनी? पहले वो तो लाइए."

हा अडथळा रत्नाकररावांना देवाने पाठवल्यासारखा वाटला. पाण्यावरच्या बोटीचा वेग मोजायचा कसा? पण वर नीलकंठराव राहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रत्नाकररावांना घड्याळ देऊन दुर्गाघाटावर बसवलं आणि स्वतः बालाजी घाटावर उभे राहिले. बोट त्यांच्यासमोरून गेली की ते रुमाल हलवणार आणि ती दुर्गाघाटापाशी पोचली की रत्नाकरराव वेळ लिहिणार, अशी योजना. चार दिवस हे चाललं. नीलकंठरावांना घाम फार, त्यामुळे ते मधूनच त्याच रुमालाने कपाळ पुसत. परिणामी एका साध्या वल्ह्याच्या नावेचा वेग ताशी चौऱ्याहत्तर किलोमीटर नोंदला गेला. त्या नावेत एक म्हातारा भाजी घेऊन चालला होता. घाटावरचे लोक रत्नाकररावांना "ब्रेक गुरु" म्हणू लागले. चौतीस वर्षं ज्याने गाड्या थांबवल्या त्याची ही किंमत, म्हणून ते दोन दिवस चहाला बाहेर पडले नाहीत.

या सगळ्या आकडेवारीत एक माणूस मात्र शांत होता. तो गोपीनाथ मल्लाह. वल्ह्याची नाव, तीस वर्षं पाण्यावर, माळेसाठी शरदिनीबाईंनी त्यालाच सांगून ठेवलेलं. तो पायरीवर बसून नावेच्या फटी बुजवत होता.

"बाबूजी, रफ्तार कम होगी तो अच्छा ही है," तो म्हणाला. "लहर कम लगेगी. मगर हमने जितने लोग पानी से निकाले, उनमें आधे तो बँधी हुई नाव से गिरे थे. फोटो खींचने को खड़े हुए और गए. नाव में आदमी बैठा रहे तो आधा काम हो गया."

"ते तुमच्या पाण्याचं," रत्नाकरराव म्हणाले. "रुळावर आम्ही बघितलंय. वेग हाच अपघात. वेग काढून घेतला की अपघात करायला काही उरतच नाही."

गोपीनाथ हसला आणि फट बुजवू लागला. त्याच्या हसण्यात उद्धटपणा नव्हता, म्हणून ते रत्नाकररावांना जास्त लागलं.

आणि मग घडू नये ते घडलं. अर्ज मंजूर झाला. बाबूंनी आईच्या मैत्रिणीला शब्द दिला होता. हुकूम असा होता: येत्या रविवारी सकाळी सात ते नऊ, बालाजी घाट ते दुर्गाघाट, सर्व मोटरबोटींना प्रायोगिक वेगमर्यादा, ताशी पाच किलोमीटर. पुढे एक ओळ होती, ती रत्नाकररावांनी चष्मा पुसून तीनदा वाचली. अर्जदाराने संपूर्ण वेळ पाण्यावर उपस्थित राहून अंमलबजावणी करावी.

"वा," शरदिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात आणि करून दाखवलंत. मी माळीणबाईला सांगून येते."

त्या रात्री रत्नाकररावांना झोप लागली नाही, पण सकाळी उठले ते वेगळेच होऊन. भ्यालेल्या माणसाला काम मिळालं की भीती जरा मागे बसते. त्यांनी ठरवलं, आपल्याला जे येतं ते करायचं. रेल्वेत रूळ खचला असला की तिथे गाडी आधी पूर्ण थांबवतात, ड्रायव्हरची नोंदवहीत सही घेतात आणि मग सरपटत पुढे सोडतात. या पद्धतीने त्यांच्या हद्दीत चौतीस वर्षांत एक डबा घसरला नव्हता. तेव्हा गंगेवरही तेच. प्रत्येक मोटरबोट लाल झेंडा दिसताच थांबेल, चालक नोंदवहीत सही करेल आणि माळ पलीकडे बांधली गेली की पुढे जाईल. त्यांनी नवी नोंदवही आखली. रकाने पाडता पाडता त्यांना बरं वाटू लागलं.

"बाबा, संडेला पब्लिक खूप असते," विश्वेश म्हणाला. "सगळ्या बोट्स एकसाथ रोकल्या तर लफडा होईल."

"नियम पाळल्याने कधी लफडा होत नाही," रत्नाकरराव म्हणाले.

रविवारी सातला सगळे घाटावर. माळेच्या पिवळ्याजर्द वेटोळ्यांनी अर्धी नाव भरली होती. तिचं टोक पायरीच्या कडीला बांधलं गेलं, श्रीराम गुरुजींनी मंत्र म्हटले, विश्वेश आणि मधुरा नावेत चढले, शरदिनीबाई एका पावलात आत जाऊन बसल्या. नीलकंठराव निरीक्षक म्हणून आले. रत्नाकरराव मात्र अंगात एक लाइफ जॅकेट, काखेत दुसरं, एका हातात लाल झेंडा आणि दुसऱ्यात नोंदवही असे पायरीवर उभे राहिले. नाव आणि पायरी यांच्यामध्ये हातभर पाणी होतं. त्यांना ते समुद्राएवढं दिसलं. शेवटी गोपीनाथने त्यांना कोपराला धरलं आणि तांदळाचं पोतं ठेवावं तसं आत आणून बसवलं.

नाव निघाली. रत्नाकररावांनी डोळे मिटले आणि मोठ्याने विचारलं, "वेळ काय?" नीलकंठरावांनी सांगितली, ती त्यांनी डोळे मिटूनच लिहिली. शरदिनीबाई माळ सोडत होत्या. त्यांच्या हातातून एकेक वेटोळं उलगडून पाण्यावर पडत होतं आणि मधुरा ते सरळ करत होती. पाणी नावेच्या बुडाला लागून चुळचुळ आवाज करत होतं.

पहिली मोटरबोट वरच्या अंगाने आली. रत्नाकररावांनी झेंडा दाखवला. ती थांबली, चालकाने सही केली, प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी थांबली. तिसरी थांबली. रत्नाकररावांची छाती लाइफ जॅकेटच्या आतही फुगलेली दिसू लागली. मध्यावर आपण आहोत आणि आपण जिवंत आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

उघडलेल्या डोळ्याला जे दिसलं ते नोंदवहीत बसणारं नव्हतं. थांबवलेल्या बोटी थांबलेल्या नव्हत्या. इंजिन बंद करून त्या सगळ्या प्रवाहाबरोबर हळूहळू, अगदी सभ्यपणे, बाजूबाजूने माळेकडे सरकत होत्या.

"थांबा म्हटलं ना?" रत्नाकरराव ओरडले. "रुकिए, रुकिए वहीं!"

"बाबूजी," गोपीनाथ वल्हं मारता मारता म्हणाला, "पटरी खड़ी रहती है, गंगाजी थोड़े ही खड़ी रहती हैं. इंजन चालू करवाइए, धीरे-धीरे ऊपर को चलें सब."

ज्याच्याखाली खडी नाही त्यावर ज्या माणसाचा छत्तीस वर्षं विश्वास नव्हता, तो पाणी वाहतं एवढी एक गोष्ट ऐनवेळी विसरला. गोपीनाथने हाकारे घातले. चालक त्याचेच भाऊबंद होते, त्यांनी इंजिनं सुरू केली आणि तिन्ही बोटी बैलगाडीच्या चालीने वर सरकल्या. माळ वाचली. पण नाव पलीकडच्या रेतीजवळ पोचते न पोचते तोच चौथी बोट आली, रेतीच्या अगदी जवळून. तिच्या चालकाने झेंडा पाहिला, हुकूम ऐकला होता, म्हणून तो आपणहून सहीसाठी जवळ आला आणि गोपीनाथच्या नावेची कड धरून उभा राहिला. दोन्ही नावा जागच्या जागी स्थिर. वेग म्हणाल तर काहीच नाही.

रत्नाकरराव नोंदवही पुढे करून वाकले. चौथ्या बोटीत लग्नाला आलेलं एक मोठं कुटुंब होतं. पिवळी माळ, लाल झेंडा, नारिंगी जॅकेटातले आजोबा, सगळं एकदम पाहून चौदाच्या चौदा माणसं मोबाइल घेऊन एकाच बाजूला उभी राहिली.

"बैठ जाइए," गोपीनाथ म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

बोट कलली. तिची कड गोपीनाथच्या नावेवर दबली, नाव एकदा डावीकडे डोलली, एकदा उजवीकडे, आणि शेवटी वाकलेल्या अवस्थेतच रत्नाकरराव टेंबे नोंदवहीसकट गंगेत गेले.

जाताना त्यांनी जे हाताला लागलं ते धरलं. ती माळ होती. नाकातोंडात पाणी गेलं, कानात घोंघावलं, आणि चाळीस-पन्नास वर्षं ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो आला आहे हे त्यांना स्पष्ट कळलं. शरदिनीबाईंशी शेवटचं काहीतरी बोलायला हवं होतं असं वाटून त्यांना फार वाईट वाटलं. मग जॅकेटने त्यांना वर फेकलं, पाय खाली गेले आणि तळव्यांना वाळू लागली.

ते उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं.

ती चौदा माणसं न सांगता खाली बसली होती. विश्वेश अर्धा बाहेर झेपावला होता, तो तसाच थबकला. रत्नाकररावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग खाली आपल्या पोटाकडे पाहिलं. तिथे माळेचं एक वेटोळं पडलं होतं.

"तुटली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," शरदिनीबाई म्हणाल्या. "तुम्हाला लागलं का?"

"नाही."

"बाबूजी, छोड़िएगा मत," गोपीनाथ म्हणाला. "रेती सामने ही है. लेकर चलिए."

आणि रत्नाकरराव चालले. उरलेली माळ शरदिनीबाई नावेतून सोडत होत्या आणि त्यांनी हातात दिलेलं दुसरं टोक खांद्यावर घेऊन, जणू रुळाची तपासणी करत असावेत अशा मोजक्या पावलांनी ते पाण्यातून चालले होते. पाणी मांडीला आलं, गुडघ्याला आलं, घोट्याला आलं. गुडघा एकदाही दुखला नाही. रेतीवरच्या खुंट्याला त्यांनी माळ तीन गाठी मारून बांधली, तेव्हा चारही बोटींतून "हर हर महादेव" उठलं. त्यांना रडू आलं, पण सगळं अंगच ओलं असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

नीलकंठराव रेतीवर उतरले आणि त्यांनी शास्त्राचा प्रश्न टाकला. "म्हणजे टेंबेसाहेब, वेगमर्यादेने अपघात टळतो की नाही, काय समजायचं?"

"नीलकंठराव," ते शर्ट पिळत म्हणाले, "हीच बोट जोरात आली असती तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. तेव्हा मर्यादा हवीच. पण पडलो मी ते ती उभी असताना. माणसं बसून राहतील असा हुकूम कोण काढणार ते तुम्ही बघा."

नोंदवही प्रवाहातून दूर चालली होती. तिच्या मागे धावावं असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

मुलगा आणि सून फोटो काढायला गेले तशा शरदिनीबाई शेजारी येऊन रेतीवर बसल्या. पदराने त्यांनी नवऱ्याचं डोकं पुसायला घेतलं.

"शरदिनी, एक सांगायचं होतं," रत्नाकरराव म्हणाले. "मला पोहता येत नाही. भीती वाटते पाण्याची. कधी बोललो नाही."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"लग्नाच्या सोळाव्या दिवसापासून. गंगापूजनाला सगळे नावेत बसले आणि तुम्ही पोट दुखतं म्हणून पायरीवर राहिलात. मग दोन द्रोण भरून कचोरी-जिलबी खाल्लीत. पोट दुखणारा माणूस कचोरी खातो का?"

छत्तीस वर्षं रत्नाकररावांनी थंडी, गुडघा, पंचांग आणि रेल्वेची खडी कोणापासून लपायला वापरली, ते त्यांना कळेना.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मेहनतीने लपवत होतात," त्या म्हणाल्या. "आणि हे बघा, विश्वेशच्या लग्नासाठी हा नवस नव्हताच. लग्न काय, आज ना उद्या झालंच असतं. त्यासाठी गंगामाईला कशाला त्रास द्यायचा? मी म्हटलं होतं, ह्यांना एकदा माझ्याबरोबर नावेत बसव, मी तुला आर-पारची माळ वाहीन."

रत्नाकररावांनी हे मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे मी नावेत बसलो की माळ वाहायची. पण माळ वाहायची तर मला नावेत बसावं लागणार."

"हो."

"हे कोणत्याच नियमात बसत नाही, शरदिनी."

"माझ्या गंगामाईच्या नियमात बसलं," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या कानातली वाळू काढू लागल्या.

रत्नाकरराव हसायला लागले. आधी हळू, मग इतके की गोपीनाथ वळून बघू लागला. छातीवरून काहीतरी जड उतरलं होतं आणि ते किती वर्षं तिथे होतं याचा त्यांना आता पत्ता लागत होता. परत जाताना ते शरदिनीबाईंच्या शेजारी, नावेच्या बरोबर मध्यभागी बसले. त्यांचा हात बायकोच्या हातात होता, आणि दुर्गाघाट लागेपर्यंत त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले.